तहसीलदारणीची रेघ

तिला कुणी काही सांगितलं, की ती आधी विचारायची, "डोयानं पायलं का?" स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही म्हटलं की विषय संपला. ही कामरगावची बाई. हंगामापुरती कारंज्याला आमच्या जिनात रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायला यायची. प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची, म्हणून सगळा जिन तिला तहसीलदारीण म्हणायचा. तिलाही ते आवडत असावं, असा माझा संशय आहे.

मी इंजिनघरात होतो आणि भोंग्याची दोरी माझ्याकडे होती. दुपारी एकदा ओढली की रेचे थांबत, दुसऱ्यांदा ओढली की सुरू होत. मधल्या वेळात बायका भाकर खात आणि कडुलिंबाला टांगलेल्या झोळ्यांतून आपापली लेकरं काढून अंगावर पाजत. दुसरा भोंगा मॅनेजरच्या इशाऱ्यावर व्हायचा आणि तो इशारा फार लवकर यायचा. लेकरं अर्धपोटी झोळीत परत जायची. त्यांचं रडणं रेच्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नसे. मला दिसत मात्र होतं. नोकरी जाईल या भीतीने मी दोरी ओढत राहिलो, याची लाज मला आजही आहे.

फाटकाच्या आत कारखान्याच्या कायद्याचा मराठी कागद लावलेला असे. तो लावायचा असा नियमच होता, वाचायचा असा नव्हता. माझ्या आईच्या वयाची ही बाई एक दिवस मला हाताला धरून तिथे घेऊन गेली आणि तिने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. दुपारी पुरता एक तास सुटी, असं त्यात होतं. "आन तू किती देतं?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "दोरी तुह्या हातात हाये, हुकूम नाही. तुह्यावर राग नाही मले."

तपासणीचा साहेब यायचा, पण मॅनेजरला आधीच कुणकुण लागलेली असायची. त्या दिवशी भोंगा घड्याळाबरहुकूम. साहेबाने विचारलं तरी कामावरून काढतील या भीतीने बायका गप्प, आणि साहेब खूश होऊन परत.

तहसीलदारणीच्या कमरेला तंबाखूच्या चुन्याची डबी असायची. त्यानंतर रोज पहिल्या भोंग्याला धुराड्याची सावली गोदामाच्या भिंतीवर जिथे असेल तिथे ती बोटाने चुन्याची एक रेघ ओढायची, दुसऱ्या भोंग्याला दुसरी. मुकादम हसायचा. मलाही तो तिचा चाळा वाटला होता.

पुन्हा साहेब आला. त्या दिवशी अर्थातच पुरा तास मिळाला. दुसरा भोंगा झाला तशी ती उठली, भिंतीवर त्या दिवसाची रेघ ओढली आणि साहेबाला हाक मारून म्हणाली, "सायेब, रोजची सुटी इथंवर. आजची इथंवर. तुमी डोयानं पाहा."

रोजच्या दुसऱ्या भोंग्याच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या आणि आजची त्यांच्यापासून लांब, एकटी. हिवाळ्यात सावली कधी कधी भरभर चालते, असं काहीसं मॅनेजर बोलला, तेव्हा गप्प राहणाऱ्या बायकासुद्धा पदराआड हसल्या. साहेबाने विचारलं, दोरी कोण ओढतं? मी पुढे झालो आणि होतं ते सगळं सांगितलं. ती शेजारी उभी नसती तर माझी छाती झाली नसती.

त्या दिवसापासून तास पुरा मिळू लागला. माझा जबाब साहेबाच्या कागदावर चढला होता, म्हणून मला हात लावायची मॅनेजरची हिंमत झाली नाही. तिला मात्र पुढच्या हंगामात मुकादमाने कामावर घेतलंच नाही. ती दुपारी फाटकाशी आली होती. मी ओशाळून काही बोलणार, तोच तिने थांबवलं.

"माह्यं जाऊ दे. लेकरं पोटभर पिऊन राह्यले ना?"

मी हो म्हणालो.

"डोयानं पायलं का?"

"रोज पाहतो, माय," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि कामरगावची वाट धरली. आयुष्यात पुष्कळांनी मला शाबासकी दिली, पण तिने पुरावा मागितला आणि माझ्याकडे तो होता, याचा अभिमान मला सगळ्यांत जास्त वाटतो.