पाच पायांची मुंगी

दुपारचे अडीच वाजलेत. अश्लेषा प्रूफ छातीवर घेऊन सोफ्यावर आडवी होते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं स्वतःला बजावते. असं बजावणारी माणसं दोन मिनिटांत घोरायला लागतात, हे कुणाला सांगायला नको. पाच वाजता प्रकाशनाचा माणूस प्रूफ न्यायला येणार आहे. पहिल्या पानावर छापलंय, ‘जपानीतून मराठी अनुवाद : अश्लेषा देवधर’. त्याखाली आणखी एक नाव हवं होतं. ते नाही, आणि ते तिला सकाळपासून खुपतंय.

पंख्याची घरघर हळूहळू फ्लेक्स छापायच्या मशीनची घरघर होते.

समोर इरफान तांबोळी बसलाय, मिरजेतल्या आपल्या दुकानात, मांडी घालून. आठ महिन्यांपूर्वी वादळात होर्डिंगचा सांगाडा अंगावर कोसळून तो गेला. मान अजून तशीच वाकडी आहे.

“या मॅडम,” तो म्हणतो. “पुस्तक काढलंसा म्हणं.”

सात वर्षं या दोघांनी एक जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका, हौसेनं, फुकट, मराठीत आणून इंटरनेटवर टाकली. भाषांतर तिचं. जपानी अक्षरं पुसून त्यांच्याखाली झाकलेलं चित्र नव्यानं काढायचं काम त्याचं. याला ते सफाई म्हणत. प्रकाशक त्यांना चोर म्हणत, आणि कुठली मांगा खपेल हे मात्र त्यांच्याच वाचकांकडे बघून ठरवत. चोरांचाही एक नेम होता. कुणी रीतसर हक्क घेतले, की त्याच दिवशी सगळी पानं उतरवायची. इरफान गेल्यावर हक्क विकले गेले, तेव्हा अश्लेषानं एकटीनं बसून पानं उतरवली. मग हक्क घेणाऱ्या प्रकाशनानंच तिला कामावर घेतलं. सहा पानांवर अक्षरं थेट चेहऱ्यांवर होती. ती पुसून चेहरे नव्यानं काढणं तिथं कुणाला जमेना, म्हणून इरफानचीच पानं लागली, ती तिनं दिली. “त्याचं नाव?” तिनं विचारलं. “चोरांची नावं आम्ही छापत नाही,” संपादक म्हणाले. मग मी कोण, असं विचारायची तिची छाती झाली नाही.

“माझ्या मुंग्या कुठायत?” इरफान विचारतो.

प्रत्येक पानात तो कुठंतरी एक मुंगी काढायचा, मुद्दाम पाच पायांची. पान कुणी ढापलं तर ओळखता यावं म्हणून. त्या सहा पानांवरच्या सहा मुंग्या अश्लेषानं आज सकाळी स्वतःच्या हातानं पुसल्या आणि पानं प्रकाशनाला पाठवून दिली.

“कुठल्या मुंग्या?” ती म्हणते.

दुकानातलं टेबल आता संपादकांचं टेबल आहे. इरफान तिचा हात त्यावर दाबून धरतो आणि कटरचं पातं खाडकन बाहेर काढतो. तिच्या तळहातावर तिचं नाव छापलेलं आहे. तो ते खरवडायला लागतो. कातडी सालपटासारखी वर येते, टेबलावर रक्ताचं थारोळं साचतं. ती किंचाळते, पण तोंडाजवळ मांगातल्यासारखा नुसता पांढरा संवादाचा फुगा निघतो, त्यात एक अक्षर नाही.

ती कटर हिसकावते आणि त्याच्या तोंडावर मारते. एकदा मारून थांबत नाही. डोळा खरवडते, नाक खरवडते, गाल खरवडते. खाली कोरा कागद लागतो. आपण रडतोय आणि तरी हात चालूच आहे, याची तिला भयंकर लाज वाटते.

“हां, असं,” उरलेले ओठ म्हणतात. “कडंपास्नं आत या. घाई केली की कागद फाटतो. मीच शिकवलंय न्हवं?”

“इरफान, मला माफ कर.”

“माफी ऱ्हाऊ द्या. पाय मोजा.”

ती ओठही खरवडून टाकते.

दारावरची बेल वाजते. अश्लेषा दचकून उठते. पाच वाजलेत. प्रूफ मांडीवर उघडं पडलंय, पहिलंच पान. तिच्या नावाखाली एक मुंगी आहे. ती फुंकर मारते. मुंगी हलत नाही. बोटानं झटकते, तर बोटाला काळी शाई लागते.

ती पाय मोजते. पाच. परत मोजते.

बेल पुन्हा वाजते. ती दार उघडते.

“झालं का मॅडम?” प्रकाशनाचा माणूस विचारतो.

“एक मिनिट.” दारातच, भिंतीला प्रूफ टेकवून, ती मुंगीशेजारी पेनानं लिहिते, ‘चित्रांची सफाई : इरफान तांबोळी, मिरज’. शाई लागलेल्या हातानंच गठ्ठा त्याच्या हातात देते.

“साहेबांना सांगा,” ती म्हणते, “हे नाव गाळायचं असेल, तर आधी माझं गाळा. आणि सकाळी पाठवलेली ती सहा पानं मला परत पाठवा. मुंग्या पुन्हा घालायच्यात.”