निजलेलीला गिऱ्हाईक आलंय

गेला आठवडाभर मला धड झोप नाही. दातांची, लसींची, शाळेच्या प्रवेशाची अशी सगळी जागरणं माझी रीतसर करून झाली आहेत, पण हे वेगळंच आहे. माझ्या एका चित्राला गिऱ्हाईक आलंय. चित्र माझ्या मुलीचं आहे, इराचं. आता ती पाच वर्षांची आहे, चित्रात जेमतेम महिन्याची, गाढ निजलेली. इंटरनेटवरच्या एका अनोळखी माणसाला ते विकत हवंय आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. रक्कम लिहीत नाही, कारण सासूबाई माझं सगळं लिखाण वाचतात.

"यात झोप उडण्यासारखं काय आहे?" असं नवऱ्यानं विचारलं, आणि कूस बदलून तो घोरायला लागला.

म्हणून मी आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं, "निजलेलीला गिऱ्हाईक आलंय. काय करू?" सल्ला एकानंही दिला नाही! "अगं, तुला आठवतं का..." एवढंच सुरू झालं. आमच्या किश्शांचं वाळलेल्या कपड्यांच्या ढिगासारखं आहे. एक मोजा ओढायला जावं तर त्याला अडकून तीन टॉवेल आणि कुणाचा तरी परकर येतो.

*

आम्ही चौघं मूळचे मालाडच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओतले. कार्टूनमधले हत्ती-माकडं दुसरी माणसं काढायची, आम्ही मागची झाडं रंगवायचो. नाडकर्णी सर आमचे प्रमुख. आयुष्य जलरंगात गेलेलं, कॉम्प्युटरच्या माऊसलासुद्धा ब्रशसारखं झटकायचे. बोरिवलीची रेवती, भांडुपचा सुशांत परब ऊर्फ परब्या, आणि मुलुंडची मी. लॉकडाऊनमध्ये स्टुडिओ बंद पडला आणि जंगलासकट आम्ही रस्त्यावर आलो.

मग एक दिवस परब्यानं व्हिडिओ कॉल लावला. "ऐका, एनएफटी! आपलं चित्र इंटरनेटवर ठेवायचं, लोक विकत घेतात. जगातून कुठूनही!"

"आणि त्यांना पाठवायचं कसं?" सरांनी विचारलं.

"पाठवायचं नाही, सर. चित्र सगळ्यांनाच दिसतं. ते फक्त मालक होतात."

सरांनी चष्मा काढून पुसला. माझ्या मांडीवर इरा होती, तिनं जांभई दिली.

परब्यानं डोकं खाजवलं. "सर, देवळात कुणीतरी पंखा देतं बघा. पात्यांवर नाव असतं, अमुक यांच्या स्मरणार्थ. वारा सगळ्यांना लागतो, पण नाव एकाचंच. तसं."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपण पंखे रंगवायचे!"

त्या दिवसापासून आमच्यात चित्राला पंखा म्हणायची पद्धत पडली. "पंखा लावला का?" "लावला, पण फिरत नाहीये यार."

*

माझा पहिला पंखा फिरला तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. मार्वेहून मनोरीला जाणारी फेरीबोट, तिच्यात एक स्कूटर आणि स्कूटरच्या सीटवर ऐटीत बसलेली कोंबडी, असं ते चित्र होतं. घेणारा ब्राझीलमधला होता म्हणे. नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं, फोटोच्या जागी चष्मा लावलेला बेडूक.

त्याच चित्राचा एक प्रिंट मी फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर भिंत रिकामी! सासूबाईंनी तो उतरवून, जुन्या साडीत गुंडाळून, सुतळीनं बांधून कपाटावर ठेवलेला.

"आई, काढला कशाला?"

"विकलंस ना? मग दुसऱ्याची वस्तू आपल्या भिंतीवर कशी? फोडणीचा धूर बसला म्हणजे?"

नवरा म्हणाला, "आई, त्याला हे नकोच आहे गं."

"मग विकत कशाला घेतलं?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मोठमोठ्या लोकांकडे नव्हतं, आमच्याकडे कुठून असणार? पुढे शेजारचा मुलगा शिकायला कॅनडाला निघाला, तर सासूबाई निरोपाच्या पेढ्याबरोबर ते बोचकं घेऊन हजर. "वाटेत ब्राझील लागलं तर तेवढं देऊन टाक."

*

भिशीची कल्पना रेवतीची. आमच्या पंख्यांकडे कुणी फिरकत नव्हतं. रेवती म्हणाली, "नवीन दवाखाना उघडला की पेशंट दिसावेत म्हणून डॉक्टरचे मेहुणे येऊन बाकावर बसतात की नाही? आपण एकमेकांचे मेहुणे व्हायचं."

म्हणजे दर महिन्याला चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याचं चित्र बाकीच्या तिघांनी पैसे घालून विकत घ्यायचं. चित्राखाली 'विकलं गेलं' असं दिसलं की बाहेरच्यांना भरवसा वाटेल. हे कितपत बरोबर होतं याची मला तेव्हाही धास्ती होती. पण मला तर इराला डाळीचं पाणी देतानाही धास्ती असायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

पहिली चिठ्ठी सरांची निघाली. सरांचं चित्र म्हणजे मनोरीला काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, मागे फिकट समुद्र. ते आम्ही परब्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे मोबाईलमधल्या पाकिटात, घेतलं. आणि चमत्कार! चारच दिवसांत बाहेरच्या एका माणसानं त्याला आम्ही दिले त्याच्या कितीतरी पट पैसे देऊ केले.

परब्यानं त्याला ताबडतोब उत्तर पाठवलं. इंग्रजीत. "सॉरी सर, हे देता येणार नाही. भिशीतलं आहे."

तो माणूस गेला. पुन्हा आला नाही.

रेवती फोनवर किंचाळली, "अरे गाढवा, त्याच्यासाठीच तर भिशी लावली होती! वाट लावलीस सगळ्याची!"

"असं कसं?" परब्या म्हणाला, "भिशीतलं परस्पर विकतात का कधी? माझ्या आईनं मला उभा चिरला असता."

आम्ही भीत भीत सरांना सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परब, माझं चित्र घ्यायला नकार देणारे आजवर पुष्कळ भेटले. द्यायला नकार देणारा तू पहिला!"

आणि त्यांनी खरंच त्याला जेवायला बोलावलं.

*

माझा स्वतःचा गाढवपणाही नोंदवते, नाहीतर रेवती नोंदवेल. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून सगळ्यांना एनएफटी द्यायचं ठरवलं. हलव्याच्या दागिन्यांचं छोटंसं चित्र. केवढी आधुनिक सून!

बिल्डिंगमधल्या बायका काळ्या साड्या नेसून, नटूनथटून आल्या. प्रत्येकीच्या फोनमध्ये आधी वॉलेट उघडून द्यायचं होतं. अर्ध्या तासात आमच्या हॉलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं. कुणाला पासवर्ड आठवेना, म्हणून मुलाला क्लासमधून फोन. कुणाच्या फोनमध्ये जागाच नाही. मी म्हटलं, "हे गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाकूया का?"

"अगं, देवांचे आहेत ते!"

तिळगूळ मऊ पडला. इरा कडेवर रडून रडून लाल. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू फोन पर्समध्ये टाकत उठल्या. "बाई गं, वाण लुटायला आले होते. हे तर बँकेत खातं उघडल्यासारखं झालं!"

पुढच्या वर्षी आमंत्रणाला गेले तर प्रत्येक दारात एकच प्रश्न. "यंदा हातात येणार ना गं?"

स्टीलच्या गाळण्या वाटल्या. झकास गेल्या.

*

परब्याचे वडील गिरणी कामगार होते, आता कणकवलीजवळच्या गावी असतात. मुलाचं चित्र परदेशात विकलं गेलं हे ऐकून त्यांनी फोनवर उलटतपासणी घेतली. ती परब्या अजून नक्कल करून दाखवतो.

"गिराईक खंय रवता?"

"ठाऊक नाय, बाबा."

"नाव काय त्येचा?"

"नाव नाय. शून्य, एक्स, सात... असा कायतरी असता."

"मगे तू चित्र इकलंस कोणाक? भुताक?"

गणपतीत परब्या गावी गेला. आरती झाली, घरचे सगळे हात जोडून उभे राहिले आणि वडील गाऱ्हाणं घालायला लागले. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन झालं. मुंबईकर झाले, सासुरवाशिणी झाल्या, गोठ्यातली गाय झाली. मग त्यांनी परब्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज चढवला.

"आनि बा देवा म्हाराजा, जेका नाव नाय, गाव नाय, पण ज्यान माझ्या झिलाचा चित्र घेतल्यान, तो शून्य एक्स जंय आसात थंय त्येका सुखात ठेव रे म्हाराजा!"

आणि सगळं घर एका सुरात ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

परब्या सांगतो, "मी पण ओरडलो. सगळ्यांत मोठ्यानं यार."

*

मग बाजार बसला. आला तसाच गेला. पंखे सगळीकडे लटकलेले, वीज मात्र गायब. रेवती अंधेरीला एका जाहिरात कंपनीत लागली. परब्या मोबाईल गेमसाठी तलवारी काढतो. मी मुलांच्या अभ्यासाच्या अ‍ॅपसाठी सफरचंदं काढते. एक सफरचंद, दोन सफरचंदं, उरली किती? भिशी बंद झाली, पण एकमेकांची चित्रं राहिली. माझ्याकडे रेवतीची मांजर आहे आणि परब्याचं फणसाचं झाड. कधीतरी डाळ शिजेपर्यंत पाकीट उघडून बघत बसते. त्या दिवसांत आम्ही रोज काहीतरी काढत होतो, रोज एकमेकांना दाखवत होतो. विकलं किती गेलं ते आठवत नाही, पण कुणी काय काढलं ते सगळं आठवतं.

सर मनोरीला राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं त्यांना भेटायला गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि सर हळूच म्हणाले, "परब, माझं चित्र कसं आहे?"

सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी, अगदी तसं! आम्ही हसलो नाही.

"मजेत आहे, सर," परब्या म्हणाला आणि त्यानं फोनवर बोंबील उघडून दाखवले. सरांनी फोन लांब धरला, जवळ धरला. डोळे पुसले.

"रंग उजळलाय रे हिचा. तुझ्याकडे चांगली राहिलीये."

"सर, फोन नवीन आहे."

"असू दे," सर म्हणाले. "चांगली राहिलीये."

*

आता हे निजलेलीचं. इरा खांद्यावरून खाली ठेवली की रडायची, त्या दिवसांतलं ते चित्र. उजव्या हातावर ती, म्हणून मी डाव्या हातानं टॅबवर तिला काढलं. रेष थरथरलेली, मूठ जरा मोठी झालेली. काढताना मला वाटत होतं, मी चांगली आई नाही, निदान हे तरी नीट यावं, आणि तेही नीट येत नव्हतं. इतरांबरोबर तेही मी नेटवर चढवलं, पण विक्रीला कधी लावलं नाही. आणि आता हा माणूस लिहितोय, अशी रेष मी कुठे पाहिली नाही, मला द्याल का?

एकदा दिलं की ते त्याचं. उद्या तो तिसऱ्याला विकेल, तिसरा चौथ्याला. परत मागता येत नाही. मुलीचा फोटो मी स्टेटसला ठेवत नाही, आणि तिची मूठ जगभर फिरायला पाठवू? बरं, नाही म्हणावं तर पुन्हा कोण मला चित्रकार म्हणून विचारणार आहे? सफरचंदं?

ग्रुपवर शेवटी मतदान झालं. रेवती म्हणाली, "विक गं, किती विचार करतेस!" परब्या म्हणाला, "मला विचारू नकोस, माझा इतिहास माहितीये तुला." सर म्हणाले, "जिचं चित्र आहे तिला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

रविवारी सकाळी इरा पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात बसली होती. मी टॅब तिच्यासमोर ठेवला. हे चित्र तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कोणाचं बाळ?"

"आपलंच. तू आहेस ती."

शेंगदाणा तोंडाशीच राहिला.

"एका काकांना हे बाळ खूप आवडलंय," मी म्हटलं. "त्यांना हवंय. द्यायचं का?"

स्वयंपाकघरात सासूबाईंचं नारळ खवणं थांबलं.

"ते घेऊन जाणार?"

"नाही. बाळ इथंच दिसणार. पण त्यांचं होणार." बोलता बोलता मलाच ते इतकं वेड्यासारखं वाटलं की मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

इरानं हात फ्रॉकला पुसले. टॅब जवळ ओढला. बराच वेळ पाहिलं. मग एका बोटानं तिनं स्क्रीनचा उजेड कमी केला, अगदी मंद होईपर्यंत. माझ्याकडे वळली आणि कुजबुजत म्हणाली,

"काकांना सांग, ती आत्ताच झोपलीये. उद्या या."