बाभळीतलं जाळं आणि दसऱ्याचं सोनं

गटातल्या मंडळींनो, सणाच्या शुभेच्छा उद्या देतो. आज मन नाही. आत्ताच गावाहून आलोय आणि सावेडीतल्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

आमचं आणि थोरल्या चुलत्यांचं घर शेजारी, मध्ये फक्त बाभळींतली पायवाट. वाटणीच्या भांडणापासून त्या वाटेने कुणी जात नाही. दसऱ्याला धाकट्याने थोरल्याकडे सोनं घेऊन जायचं, ही आमच्याकडची रीत. आज आबा, म्हणजे माझे वडील, आपट्याची पानं घेऊन स्वतःहून उठले. मी खुशीत मागे निघालो.

वाट जाळ्याने बंद झाली होती. एवढं मोठं जाळं मी कधी पाहिलं नव्हतं. या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत चादर ताणल्यासारखं, आणि त्यात शेकडो कोळी एकत्र नांदत होते.

जाळ्याला पलीकडून आपट्याचं ताजं पान चिकटवलेलं होतं. थोरले असून चुलतेच आधी येऊन, तिथूनच परत गेले होते.

"आबा, काठीनं पाडतो," मी म्हणालो.

"नगं. सणाच्या दिशी एवढ्या जिवांचं घर मोडायचं व्हय?"

"मग रस्त्यानं वळसा घालून जाऊ."

"त्यानं तरी कुठं घातला वळसा?"

आबांनी आपलं पान अलीकडून चिकटवलं आणि ते माघारी वळले.

आता दोघा भावांचं सोनं एकाच जाळ्यात, पाठीला पाठ लावून लटकतंय. काठी माझ्या हातातच होती. तुम्ही असता तर पाडलं असतं का ते जाळं?