सीट आणि पाट

गुडघे दुखले तर माणूस चारचौघांत सांगतो. कंबर धरली तर शेजारीपाजारी तेल सुचवतात. सायकलच्या सीटने जे दुखतं त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि मीही बोललो नसतो. पण त्या दुखण्यावर माझ्या बहिणीचं घर अवलंबून होतं, म्हणून सांगतो.

माझी थोरली बहीण रामपायलीला राहते. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणायची पद्धत आहे, तर ही बाई. भावजी गेल्यापासून घरात एकटी. थोडी धानाची जमीन आहे, ती अधियाने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर दिलेली. परसात शेवगा, दोन मांजरं, आणि देवळाच्या घंटेवर चालणारा तिचा दिवस. एकुलता एक मुलगा नागपूरला नोकरी करतो. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर असल्या गोष्टीत वाचणारे मुलालाच धरतात.

गेल्या उन्हाळ्यात बाई न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण शेजारीण ताक मागायला येईपर्यंत ती तशीच पडून होती. भाचा धावत आला आणि म्हणाला, आता बस, नागपूरला चल. बाई म्हणाली, नाही. दोन दिवस हे चाललं. शेवटी भाच्याने अट घातली. दर आठवड्याला घरचं कोणीतरी येऊन तिला डोळ्यांनी पाहणार असेल तरच तिने इथे राहावं. फोनवर त्याचा भरवसा नव्हता, कारण पडून असतानाही ती फोनवर 'बरी आहे' म्हणाली असती.

मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, "मी येत जाईन. दर इतवारी."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. "मामाजी, येसान कशाने?"

प्रश्न रास्त होता. मला बस लागते. मी राहतो बालाघाटला, आणि तिथून निघालेली बस वाटेतल्या वारासिवनीला पोचेपर्यंत माझा चेहरा पांढरा पडतो आणि पुढची माणसं पाय वर घेऊन बसतात. चारचाकीत तर त्याहून वाईट. मोटारसायकल होती, पण मी एकदा पडल्यावर बायकोने ती मला न विचारता विकून टाकली. उरली सायकल. बायकोची तिला हरकत नव्हती. म्हणाली, "त्याच्यावरून पडले तं हळू पडसान."

तर रिटायर झालेला, पोट सुटलेला मी दर रविवारी पहाटे सायकल काढू लागलो. वैनगंगेच्या पुलावर गार वारा, पुढे गर्रा गाव, मग सरळ वारासिवनी. तिथपर्यंत सगळं झकास. चहा प्यायचा, आणि मग रामपायलीचा रस्ता धरला की हळूहळू सीट बोलायला लागायची. आधी मुंग्या, मग सगळं बधिर, मग आग. मी पॅडलवर उभा राहून चालवायचो, डाव्या बाजूवर बसायचो, उजव्या बाजूवर बसायचो. धानाच्या बांध्यांतल्या बाया हात थांबवून बघायच्या. आणि हे फक्त जाण्याचं. परत यायचंच असायचं.

दुखतंय म्हणजे सीट कडक आहे, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. आपल्याकडे दुखण्याला एकच उपाय, खाली काहीतरी घाला. मी सायकलच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने सीटवर बोट दाबून माझंच निदान मला सांगितलं आणि जेलचं कव्हर चढवून दिलं. बोट लोण्यात गेल्यासारखं आत जायचं. पुढच्या रविवारी वारासिवनीच्या आधीच आग सुरू झाली. मग बायकोने जुन्या लुगड्यांची चार पदरी गादी शिवून, नाडी लावून त्यावर बांधून दिली. गोधडीच ती, फक्त सीटच्या मापाची. त्यानेही वाढलं. मग मी ऑनलाइन पॅडवाली चड्डी मागवली. ती घालून घरात एक फेरी मारली, तर बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसली. "अजी," ती म्हणाली, "नातवाचे उरलेले डायपर होते ना घरात. काहून पैसे घातले?"

मला राग आला. बायकोचा नाही, आपल्याच बुडाचा. सारी नोकरी उन्हातान्हात जमिनी मोजत काढली, नाल्यात उतरलो, बांध चढलो, शरीराने कधी तक्रार केली नाही. आणि आता म्हातारपणी एका वीतभर सीटने माझा शब्द खोटा पाडावा? जितका राग, तितका मऊपणा मी वाढवत गेलो. दिवाळीपर्यंत माझी सीट एखाद्या नवजात बाळाच्या पाळण्यासारखी दिसायला लागली होती.

बाईसमोर मी यातलं काही दाखवत नव्हतो, असं मला वाटायचं. पोचलो की अंगणात फिरत राहायचो. शेवगा बघ, विहिरीत डोकाव. जेवायचं ताटसुद्धा हातात घेऊन उभ्याने जेवायचो. "लय वेळ बसून आलो ना, पाय मोकळे करतो," म्हणायचो.  पुढच्या वेळी गेलो तर लाकडी खुर्चीवर एक उशी ठेवलेली असायची. तिच्याच खाटेवरची, कापसाची, जिच्याशिवाय दुसरी उशी तिला चालत नाही ती. मी उशीवर बसायचो, तर ते आणखीच दुखायचं, आणि पुन्हा शेवगा बघायला उठायचो.

भाऊबीजेला भाचा आलेला होता. मी हातपाय धुऊन आत आलो तेव्हा बाई त्याला सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेताने.

"कार्तिक पुनवेची जत्रा झाली का ये गाडी घेऊन. मी येतो नागपूरले."

भाचाही चकित झाला. "आई, तूच तं नाही म्हणत होती."

"हौ. आता म्हणतो हौ."

मी विचारलं, "बाई, काहून?"

"तुले बसता येत नाही, बावा," ती म्हणाली. "किती दिवस झाले, माह्या घरात तू बसून जेवला नाही. मी राह्यली म्हणून तू मरून राह्यला. असं राहून मले काय करायचं आहे?"

 मी इतक्या रविवारी तिला पाहायला येत होतो, आणि खरं तर तीच मला पाहत होती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. ती नागपूरला गेली तर वाईट होईल असं नाही. भाच्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघत, ती नीटनेटकी जगेल आणि कोणाला काही सांगणार नाही, याची ती भीती होती.

तेवढ्यात तिने ओवाळायची तयारी केली. आमच्या घरी भावाला कोऱ्या पाटावर बसवत नाहीत. पाटाभोवतीची रांगोळी वेगळी, पण पाटावरही तांदळाचं पीठ बारीक भुरभुरवून घेतात, आणि भाऊ त्यावरच बसतो. आईपासूनची रीत. मग दिवसभर भावाच्या पँटला मागे पीठ, आणि घरातल्यांना हसायला कारण. भाच्याने दयेने वर आसन टाकलं. बाईने ते काढून फेकलं. "रीत आहे ते राहू दे. पाचच मिनिटं आहे. सोसंल तो."

मी दात दाबूनच बसलो. सागाचा पाट, बोटभर उंच, दगडासारखा कडक. बाईने निरांजन लावलं, ते विझलं. पुन्हा लावलं. भाचा काडेपेटी शोधत गेला. बाई सुपारी विसरली, ती आणायला गेली. नारळ, कुंकू, अक्षता, सगळं तिच्या गतीने. आणि मधेच कुठेतरी माझ्या लक्षात आलं की मी चुळबूळ करत नाहीये. दुखत नव्हतं. सकाळपासून, किंबहुना किती रविवारांपासून, पहिल्यांदा मी सुखाने बसलो होतो. ओवाळून झालं तरी उठावंसं वाटेना.

"उठ ना आता," बाई म्हणाली. "दुखून राह्यलं का?"

"नाही," मी म्हणालो. पण हा शब्द मी इतक्या वेळा खोटा वापरला होता की तिने अविश्वासाने मान हलवली.

उठलो आणि वळून पाहिलं. पाटावरच्या पिठात दोन खुणा उमटल्या होत्या, रुपयाएवढ्या, एकमेकींपासून चांगल्या दूर. तेवढ्याच दोन जागी पीठ पूर्ण दबून खालचं लाकूड दिसत होतं. मधली जागा जवळजवळ तशीच पांढरी. माझं सगळं वजन त्या दोन हाडांवर बसलं होतं, आणि हाडं तक्रार करत नव्हती. मी तसाच पाट उचलून अंगणात नेला आणि सायकलच्या सीटजवळ धरला. जेल, गोधडी, सगळं सोडलं आणि मूळ सीट बघितली. दोन्ही खुणा तिच्या कडांच्या बाहेर पडत होत्या.

म्हणजे माझी हाडं कुठेच टेकत नव्हती. मी मधल्या नाजूक भागावर तोलून इतके कोस येत होतो, आणि जितकं मऊ घातलं तितका त्यातच आणखी रुतत होतो. अख्खी तहसील मोजून झाली, आणि स्वतःची एवढीशी जागा मोजायची राहिली. मी अंगणात एकटाच हसलो. भाचा दारातून म्हणाला, "मामाजी, पाट कशाले पळवला?"

त्याला दाखवलं. बाईलाही दाखवलं. तिने पिठातल्या खुणा पाहिल्या, सीट पाहिली, आणि गोठ्याकडे गेली. तिथे तिची जुनी लेडीज सायकल भिंतीला टेकून होती. शेतावर जायला वापरायची, गुडघे गेले तेव्हापासून उभी. तिची सीट रुंद, रेक्झिनची, खाली जाड स्प्रिंगा, आणि आतला स्पंज कधीच बसून गेल्यामुळे चांगलीच टणक. बाईने पदराने तिच्यावरची धूळ झटकली.

"हे लावून पाह्य."

"लेडीज आहे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"तिले काय माहीत, वर कोण बसलं तं."

भाच्याने शेजारून पाना आणला आणि सीट बदलली. पण बाईने आपला बेत बदलला नाही. निघताना म्हणाली, "सीट ने. मी तं पुनवेनंतर जातोच आहे. तुह्या बोलण्यावर माहा इश्वास नाही." आणि खरं तर तिचं बरोबर होतं.

आठवडाभरात मी ती सीट घेऊन दुसऱ्याच दिशेला, हट्टा गावाला गेलो. तिला कळू न देता खात्री करून घ्यायची होती. वाटेत सीटचं नाक थोडं खाली केलं, सीट बोटभर वर घेतली. तिथल्या बावडीच्या, म्हणजे जुन्या पायविहिरीच्या, दगडी पायरीवर बसलो आणि उठायची घाई झाली नाही. रस्त्यात एक ओळखीचा भेटला, सीटकडे बघून हसला. मी म्हटलं, बसून बघता का? तो पुढे गेला.

मधल्या रविवारी रामपायलीला बसून जेवलो. बाई ताटाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "दात दाबून बसला असशीन," म्हणाली. मी शपथ घ्यायला गेलो तर हात वर करून थांबवलं. खुर्चीवर उशी होतीच. मी ती बाजूला ठेवली, तिने ती परत खुर्चीवर ठेवली.

पौर्णिमेची जत्रा संपल्यानंतरच्या रविवारी मी पोचलो तेव्हा भाच्याची गाडी दारात उभी होती. ओसरीत बॅग भरलेली, चादरींची घडी, मांजरांचं कोणी बघायचं याची शेजारणीला सूचना.  बोलण्यासारखं जे होतं ते बोलून सिद्ध होणार नव्हतं. बाईने चहा दिला. ओसरीच्या उघड्या दगडी ओट्यावर बसून प्यायलो. ऊन अंगावर येत होतं. पहाटे उठलेलो, जाण्या-येण्यातला अर्धा रस्ता झालेला. पाठ भिंतीला लागली, आणि मला झोप लागली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा ऊन पायांवरून सरकून अंगणात गेलं होतं आणि मान दुखत होती. फक्त मान. गाडी दारातच होती. भाचा पायरीवर बसून मोबाइल बघत होता.

"निघाले नाही?" मी विचारलं.

"निघालोच होतो," तो म्हणाला. "आईने गाडीत पाय ठेवला, मागे वळून तुम्हाले पाह्यलं, आन् उतरली. म्हणते, ज्याले दुखते तो असा दगडावर बसून घोरत नाही." मग म्हणाला, "इतवार चुकवू नका, मामाजी."

मी हौ म्हणालो.  आत गेलो. बॅग रिकामी होती. खाटेवर चादर पुन्हा अंथरली होती, मांजर तिच्यावर येऊन बसलं होतं. मी खुर्चीकडे पाहिलं. उशी तिथे नव्हती. बाईने ती परत आपल्या उशाला ठेवली होती.