तिसऱ्या की शिवल्या

मंडळी, आज सकाळी पेणच्या मासळी बाजारात गेले आणि कोळणीला म्हणाले, "शिवल्यांचा एक वाटा दे."

ती हसली. "शिवल्या? तुमी इथल्या नाय वाटतं. आमी तिसऱ्याच बोलतो."

माझा जन्म पेणचा, तिसऱ्या खाऊनच वाढले. शिवल्या हा शब्द आमच्या ह्यांचा. ते रोह्याचे, पण त्यांची आई रत्नागिरीकडची. तिच्या तोंडून तो घरात आला.

त्यावरून आम्ही तीस वर्षं भांडलो. शिंपल्यांवरूनच शिवल्या झालं असणार, असं ते ठासून सांगायचे. वर विचारायचे, "तुझ्या तिसऱ्या, मग पहिल्या-दुसऱ्या कुठे गेल्या?" मला उत्तर कधी सापडलं नाही, पण त्यांचा शब्द मी एकदाही वापरला नाही. हट्टच तो.

ते जाऊन दोन वर्षं झाली. आज तो शब्द आपसूक तोंडून निघाला.

वाटा घेऊन घरी आले. मी हरले, हे सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्याकडे ह्या शिंपल्यांना काय म्हणतात? घरात दुसरं कोणी असेल, तर आज जेवताना त्यावरून जरा भांडा.