वाइंडरभाऊंचा कोरडा पाऊस

वाइंडरभाऊंना काहीही विचारा, ते आधी सात मोजत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, ओठ नुसते हलायचे, आणि सात झाले की मग उत्तर यायचं. 'भाऊ, चहा घेता का?' या प्रश्नालाही तेवढाच वेळ लागे. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, यांना कमी ऐकू येतं. तो पुन्हा ओरडून विचारी, आणि भाऊ पुन्हा एकपासून सुरू करत. मी त्यांच्या शेजारच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या थैल्या विकायचो, त्यामुळे हा तमाशा मला दिवसातून दहादा बघायला मिळायचा.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटरी तिथे यायच्या. भाऊ त्यांची जुनी तार खरवडून काढत आणि नवी तांब्याची तार भरत. तारेचे वेढे मोजावे लागतात. एक जरी चुकला तरी मोटर आठ दिवसांत परत येते. इतर वाइंडर दहा-दहाने मोजतात, भाऊ सात-साताने मोजत. का, तर म्हणे, "दहा मोजता मोजता मानूस झोपते. सातले जागं राहा लागते." त्यांचं खरं नाव सातबारा आणि मतदारयादी यांच्या पलीकडे कुणी वापरलं नाही. आम्ही सगळे त्यांना वाइंडरभाऊ म्हणायचो.

हे सात त्यांच्या आयुष्यात कुठून आलं, तेही सांगतो. धरणाच्या कामावरचा कुणी इंजिनीअर एकदा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकून गेला आणि त्याची बदली झाली. टेपरेकॉर्डर दुकानातच राहिला. आत एक कॅसेट होती, तिच्यावर नाव ना गाव. भाऊंनी टेप दुरुस्त केला, कॅसेट लावली, आणि त्या दिवशी एकाही मोटरीला हात लावला नाही. एक बाजूभर एकच इंग्रजी गाणं. मध्येच संथ व्हायचं, मध्येच अंगावर यायचं, आणि ताल असा की पाय धरायला गेला की निसटायचा. भाऊंनी पेरांवर मोजून पाहिलं, तर सात. बाजू संपायची तेव्हा गाणं अर्ध्यातच तुटायचं. साध्या माणसाला कळलं असतं की टेप संपली. भाऊंना वाटलं, ते गाणंच तसं आहे. "शेवट नाईच ठेवला लेकाइनं," ते कौतुकानं म्हणाले होते.

मग त्यांनी वाशीमहून एक जुनी गिटार आणली. तिचा आवाज आवडेना, म्हणून त्यांनी ती सरळ उघडली. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. म्हणजे भाऊंचंच खातं. त्यांनी जुनी गुंडाळी फेकली, आपल्या हातानं नवी भरली आणि वर मोटरीला लावतात ते वार्निश फासलं. त्या गिटारला शेवटपर्यंत मोटरीचा वास येत असे. पण आवाज काय यायचा! दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्यावर हवा हलताना दिसते ना, तसा थरथरता, लांबत जाणारा. मी दुकान सोडून ऐकायला गेलो आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

बँड असा हळूहळू जमला. मी लहानपणापासून गणपतीत ताशा बडवत आलेला, म्हणून ड्रमवर मी. कामरगावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा वसंता कीबोर्डवर. मंगरूळ-कारंजा काळी-पिवळी चालवणारा प्रल्हाद बेसवर, कारण त्याच्याकडे जीप होती आणि सामान न्यायला जीप लागणारच होती. दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या गोदामात, मेलेल्या मोटरींच्या मध्ये, आमची तालीम चाले. वहिनी चहा आणून देत आणि दारातच उभ्या राहत. एकदा म्हणाल्या, "याइचं असंच हाय. लग्नात मंगलाष्टकं संपली तवा भटजीले म्हने, झालं का इतक्या लवकर?"

आम्ही वाजवायचो ती चीज एकच होती. तिचं नाव 'कोरडा पाऊस', आणि बँडचंही नाव तेच. ढग येतात, गडगडतात, वारा सुटतो, आणि पडत काहीच नाही, अशी ती सगळी रचना. मध्यावर शब्द यायचे, तेही भाऊंनी लिहिलेले नव्हते. रेडिओवरचा हवामानाचा अंदाजच त्यांनी चालीत बसवला होता. 'विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता' एवढीच ओळ वसंता भजनाच्या आर्ततेनं आळवायचा. त्यातल्या 'तुरळक'वर भाऊंचा फार जीव. "आपला सारा वऱ्हाड त्या एका शब्दात हाय," असं ते म्हणत. लोक आधी हसायचे. मग दुसऱ्यांदा ती ओळ आली की गप्प व्हायचे, कारण सोयाबीन घरोघरी पेरलेलं होतं, पावसाच्याच भरवशावर.

त्या नावानं आमचं नुकसानही केलं. एका गावात कार्यक्रम ठरला, भाऊंनी स्वतः रंगवलेला 'कोरडा पाऊस' असा भलामोठा फलक स्टेजवर लागला. मृग कोरडा गेलेला, लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले. सरपंच धावत आले. "भाऊ, हे नाव काढा पहिले. उद्या पानी नाई आलं त लोक मले हानतीन." भाऊंनी सात मोजले आणि फलक उलटा करून लावला. मागच्या बाजूला कुणाच्या तरी दुकानाची जुनी जाहिरात होती. त्या गावात आम्ही आजही 'शिवकृपा खत भांडार' या नावानं ओळखले जातो.

खूप वर्षांनी, वसंताच्या पुतण्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं की या प्रकारच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. भाऊंनी नेहमीप्रमाणे मोजलं. "प्रोग्रेसिव्ह म्हनजे प्रगतिशील. मंग बराबर हाय. प्रगतिशील शेतकरी असते ना, त्याइलेही पीक दुसऱ्याइतकंच येते, पन फोटो छापून येते. आपला फोटोही नाई आला." तेव्हापासून ते गिऱ्हाइकांना बँडचा इतिहास सांगताना 'आमचा प्रगतिशील काळ' असं म्हणू लागले. त्या इतिहासात पहिला काळ, मधला काळ असे भाग होते. कारंजा ते मंगरूळपीर हा दौरा होता. एकूण अकरा कार्यक्रम झाले, त्यांतले दोन शाळांच्या स्नेहसंमेलनातले, एक बैलांच्या प्रदर्शनात. भाऊंच्या तोंडून ऐकलं की वाटे, आपण केवढे मोठे लोक होतो.

आणि एक गोष्ट त्या इतिहासात प्रत्येक वेळी यायची. 'कोरडा पाऊस' आम्ही कधीच पुरा वाजवला नाही. त्याला कारण लाईन. अठरा-एकोणीस मिनिटं झाली, सगळं वर चढत गेलं, आता काहीतरी होणार असं वाटलं की नेमकी लाईन जायची. गिटार, बेस, कीबोर्ड, माइक एका झटक्यात मुके व्हायचे. ड्रमला कसली वीज? मी एकटाच भर दुपारी, सगळ्या गावासमोर, साताच्या तालात बडवत राहायचो. थांबावं की वाजवावं कळायचं नाही. मग कुणीतरी टाळी वाजवायचं, आणि मी थांबायचो. आम्ही सगळे वीजवाल्यांना शिव्या घालत सामान जीपमध्ये भरायचो. भाऊ तेवढे शांत असायचे. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "शेवट बाकी हाय. रविवारी या."

आम्ही यायचो. तालमीतही शेवट कधी झाला नाही. तिथे त्यांना मधलाच एखादा तुकडा परत परत घासायचा असे. 'शेवट बाकी हाय' हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं की प्रल्हादनं ते जीपच्या मागे लिहून घेतलं. प्रवाशांनी हरकत घेतली म्हणून पुसलं.

आता माझी अक्कल बघा. अख्ख्या पंचक्रोशीत लाईन कधी येणार, कधी जाणार, हे ज्याला मिनिटावर माहीत असे, तो माणूस म्हणजे वाइंडरभाऊ. शेतकरी दुकानात येऊन आधी तेच विचारत, मोटरीचं नंतर. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असे, त्यात काय बदल झाला तेही त्यांना पाठ. आणि कार्यक्रम सुरू करायच्या आधी हेच भाऊ घड्याळाकडे बघत म्हणायचे, "थांब थोडं. लोकाइले बसू दे." इतकी वर्षं मी समोर बसून ड्रम वाजवला आणि दोन अधिक दोन मला करता आले नाहीत.

ते दोन अधिक दोन झाले कामरगावला, अकराव्या कार्यक्रमात. कृषी मेळावा होता. भाऊ घड्याळ बघून सुरू झाले, सगळं ठरल्यासारखं चढलं, लाईन गेली. मी एकटा पडलो. पण त्या दिवशी मांडववाल्यानं जनरेटर आणला होता. धडधड झाली आणि सगळे आवाज एकदम परत आले. वसंता खूश होऊन पुढे सरकला, प्रल्हादही. मी भाऊंकडे बघितलं. त्यांची बोटं गिटारवर होती आणि हलत नव्हती. मग त्यांनी हळूच पायानं गिटारची वायर ओढून काढली. "वायर सुटली," ते माइकवर म्हणाले. मी स्टुलावर बसल्या बसल्या सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. "भाऊ, शेवट बसवलाच नाही का तुम्ही?"

अंगठा पेरांवरून फिरला. सात झाले. पुन्हा फिरला. एका उत्तरासाठी दोनदा मोजताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं.

"तुले नोकरी लागली म्हने," ते म्हणाले.

खरं होतं. ग्रामसेवकाची ऑर्डर आली होती, मानोरा तालुक्यातलं गाव होतं. घरच्यांखेरीज मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वसंता पुन्याले जातो म्हनते पोराकडं," भाऊ हातातली तार सरळ करत राहिले. "प्रल्हादची जीप इकाले काढली. मले समजते सारं. गड्या, एकदा का संपलं, त तुमी येता कायले? संपलं की मानसं घरी जाते."

मला राग यायला हवा होता. अकरा वेळा या माणसानं मला भर मांडवात एकटं बडवत ठेवलं होतं. पण राग आला नाही. मी सोयाबीनच्या थैल्या उतरवायच्या आहेत असं काहीतरी बोलून निघालो. पुढच्या रविवारी मी तालमीला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सगळ्यांत आधी मी सोडून गेलो, हे मी आजवर कुणाला कबूल केलं नव्हतं. लोकांना सांगताना मी 'हळूहळू सगळे पांगले' असं म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. भाऊंच्या डोळ्यांना आता बारीक तार दिसत नव्हती. शेतात सोलर पंप आले, तशा मोटरीही कमी झाल्या होत्या. वहिनी मागेच वारल्या. मुलगी भाऊंना पुण्याला घेऊन जाणार होती. फोनवर मी "कसे आहात?" विचारलं, तर पलीकडे शांतता. मी मनात त्यांच्याबरोबर मोजलं. सातानंतर आवाज आला, "रविवारी ये. शेवट बाकी हाय."

गेलो. वसंता मुलाकडून चार दिवसांसाठी आलेला. प्रल्हादचे केस पूर्ण पांढरे. गोदामात आता दोन-तीनच मोटरी उरलेल्या. माझे जुने ड्रम भाऊंनी पुसून, वरचे पडदे ताणून ठेवले होते. वर छतावर मुलीनं सोलर बसवून दिलेलं. प्रल्हाद म्हणाला, "भाऊ, आता लाईन जाची भानगड नाई." भाऊ नुसते हसले.

वाजवलं. बोटं अडखळली, वसंताचा आवाज 'तुरळक'वर फाटला, मी दोनदा सातचे आठ केले. तरी अठरा मिनिटांच्या आसपास ते जसं चढायचं तसंच चढलं. मुलगी बॅगा भरायचं सोडून दारात येऊन उभी राहिली, बरोबर तिची आई उभी राहायची तिथं. ती जागा आली. आम्ही तिघांनीही भाऊंकडे बघितलं.

भाऊ गिटार गळ्यात घेऊनच उठले. भिंत चाचपत मेन स्विचपाशी गेले आणि आपल्या हातानं तो खाली ओढला.

सगळं मुकं झालं. मी एकटा वाजवत राहिलो. भाऊ माझ्यासमोर मोटरीवर येऊन बसले, डोळे मिटले, आणि अंगठा पेरांवरून फिरू लागला. तेव्हा मला समजलं की शेवट हाच होता, आणि इतक्या वर्षांत तो मीच वाजवत आलो होतो. टाळी वाजवणारं आज कुणी नव्हतं. हात भरून आले तरी मी थांबलो नाही, कारण पहिल्यांदा उठून गेलेला मीच होतो. भाऊंना पुण्याला न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं दारापुढे एकदा हॉर्न दिला. मग आणखी कितीतरी वेळानं भाऊंचा अंगठा सातव्या पेरावर थांबला आणि मी हात उचलले.

"झालं," भाऊ म्हणाले. "आता जा घरी सारे."

आम्ही कुणीच उठलो नाही.