तिसरा नको

"काही मदत लागली तर हक्कानं सांगा," असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. हक्कानं सांगा म्हणे! हे वाक्य लोक दारात उभं राहून बोलतात, पायातली चप्पल न काढता. आपण रीतीप्रमाणं "नको हो, होतंय सगळं" म्हणायचं, की ते सुटलो बुवा म्हणत जिना उतरायला मोकळे. आमच्या जिन्यावरून असे किती हक्क खाली उतरून गेले ते मी पाहिलंय.

माझी सासू पिशोरची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणायचे. सासरे गेल्यावर त्या गावात धाकट्या दिराजवळ राहत होत्या. मग लागोपाठ पाऊस हुकला. विहिरीनं तळ दाखवला, बोअरला नुसती हवा यायला लागली. दिरानं आधी जनावरं चारा-छावणीत नेली आणि मग आईला आमच्याकडं आणून सोडलं. जनावरांची सोय आधी लागली, हे मी मुद्दाम सांगतेय. जाताना त्यानं "खर्चाला काही देऊ का?" विचारलं, मी नको म्हटलं. मग म्हणाला, "वहिनी, पाऊस पडला की घिऊन जातो." पुढं पाऊस पडला. तो काही आला नाही.

आम्ही तेव्हा चिकलठाण्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत राहत होतो. सगळीकडं इमारतीच इमारती उठत होत्या, प्रत्येकीच्या फलकावर कारंज्याचं चित्र आणि प्रत्येकीच्या खाली टँकर. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. मी गोळ्या-औषधांच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर होते, नवरा त्याच पट्ट्यात दुसऱ्या कारखान्यात, कधी पहिली पाळी तर कधी तिसरी.

आत्यांची आठवण तेव्हा पुसट व्हायला लागली होती. दूध गॅसवर ठेवून विसरायच्या. दार उघडून खाली उतरायच्या आणि शेताकडं निघाल्यासारख्या जालना रोडच्या गर्दीत चालू लागायच्या. त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. मग नोकरी कुणी सोडायची? हा प्रश्न आमच्या घरात कुणी तोंडानं विचारला नाही. सगळे फक्त माझ्याकडं बघायला लागले. फुलंब्रीची नणंद फोनवर रडली. "मी यिऊ का?" म्हणाली, मी नको म्हटलं. "वहिनी, तुम्ही हायेत म्हणून आईचं बरं हाय," म्हणाली आणि रडून झाल्यावर तिनं फोन ठेवला.

मला नोकरी सोडायची नव्हती. घराचे हप्ते होते हे खरं, पण तेवढंच नाही. त्या पॅकिंगच्या खोलीत माझ्या शब्दाला किंमत होती आणि ती मला हवी होती. हे बाईनं उघड बोललं की लोकांना आवडत नाही. न आवडो.

तेवढ्यात जवळच्या वसाहतीत म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र निघालं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. चालवणाऱ्या मॅडम बाहेरून खास शिकून आलेल्या होत्या. मनानं वाईट नव्हत्या, हे कबूल करायला मला अजून जड जातं. भिंतींवर सूर्यफुलं रंगवलेली, खुर्च्या गोलात मांडलेल्या. सकाळी टाळ्यांचा व्यायाम, मग कागदावर रंग भरणं, मग जेवण. ज्या बाईनं जन्मभर वावरात कापूस वेचला, तिच्या हातात रंगीत खडू देऊन मोरात निळा रंग भरायला सांगायचे. आत्या भरायच्याही. मी म्हटलं, असू दे, बसायला सावली आहे, लक्ष ठेवायला माणसं आहेत, माझी नोकरी शाबूत आहे.

पण संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या आत्या विचारायच्या, "भाकर हाय का गं?"

"केंद्रात जेवला नाहीत का?"

"जेवले की. लई जेवले."

आणि मग शेंगदाण्याच्या चटणीशी दोन दोन ज्वारीच्या भाकरी बसल्या बैठकीला खायच्या. नवऱ्यानं मोबाइलवर वाचलं की या आजारात माणूस आपण जेवलोय हेच विसरतो, पुन्हा पुन्हा मागतो. डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, होतं असं. झालं! नवऱ्यानं भाकरीची दुरडी उचलून फ्रीजवर ठेवून दिली. "माय, दुपारी जेवलीस ना तू? पोट बिघडंल." आत्या त्याच्याकडं बघायच्या आणि पाणी पिऊन घ्यायच्या. त्यांचं लुगडं धुताना पदराच्या गाठीत मला फुटाण्याची टरफलं सापडायची. नवरा म्हणाला, हाही त्यातलाच एक चाळा असेल.

आणि एके दिवशी मी पॅकिंगच्या लाइनवर असताना केंद्रातून फोन आला. मॅडमच बोलत होत्या. "आजींसाठी दुसरीकडं बघा. त्या सहकार्य करत नाहीत. जेवण नाकारतात, पाणीसुद्धा नाकारतात. वजन उतरलंय. उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येईल."

"कधीपासून नाकारतात?"

"तसं पहिल्यापासूनच."

"मग सांगितलं का नाही मला?"

"अहो, त्यांची इच्छा. आम्ही ज्येष्ठांच्या इच्छेचा आदर करतो."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी रिक्षा पकडली. साहेब म्हणाले, "ही महिन्यातली कितवी रजा?" त्यांना उत्तर द्यायला थांबले असते तर तिथंच नोकरी गेली असती.

मी पोचले तेव्हा ऐन जेवणाची वेळ होती. दारातच थांबले, आत्यांना दिसणार नाही अशी. एक तरुण कार्यकर्ती हातात ताट घेऊन एकेकापुढं जात होती. आत्यांपुढं आली. वाकून, गोड हसून विचारलं, "आजी, जेवणार का?"

"नको बाई. पोट भरलंय."

"बरं," म्हणाली आणि ताट पुढच्या खुर्चीकडं गेलं.

मग पाण्याचा जग घेऊन आली. "पाणी?"

"नको."

"बरं."

इतकं गोड हसून ती "बरं" म्हणाली, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या गावाकडं पहिल्या विचारण्याला "हो" म्हणणारा माणूस एक तर जावई असतो, नाहीतर निर्लज्ज. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाहुण्यांना वाढायला गेले होते, पाहुणे नको म्हणाले म्हणून तशीच परत फिरले. आत्यांनी मला चुलीपाशी ओढून शिकवलं होतं, "पहिला नको लाजंचा, दुसरा नको रीतीचा, तिसरा नको पोटाचा. तिसरा ऐकल्याबिगर ताट उचलायचं नाय." आणि दुष्काळाच्या सालात तर हे नको आणखी घट्ट होतं. समोरच्याच्या कणगीत काय उरलंय, हंड्यात पाणी किती आहे, ते आपल्याला दिसत नसतं, म्हणून शहाणं माणूस आधी नको म्हणतं. मग घरधनी आग्रह करतो, तेव्हा कळतं की याला खरंच परवडतंय. ती बाई या परक्या घरातलं पाणी वाचवत होती! सकाळी दारात टँकर उभा असलेला तिनं पाहिला होता. वार विसरली, नातवंडांची नावं विसरली, पण रीत विसरली नव्हती. आणि या लोकांनी तिच्या रीतीला इच्छा समजून तिला उपाशी ठेवलं, तेही आदरानं.

मी आत शिरले आणि मॅडमना म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारायला तुमचं काय जातं हो?"

"हे बघा, जबरदस्ती करता येत नाही. आमच्या प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलंय, समोरच्याच्या नकाराचा मान राखायचा."

"हा नकार नाही. हा नमस्कार आहे. तुमच्या घरी पूजेला कुणी आलं तर एकदा विचारून ताट उचलता? का 'माझ्यासाठी एक घ्याच' म्हणून पानात पुरी टाकता?"

मॅडमची मान आपोआप हलली, पुरी टाकतेच म्हणून. हेच तर मला सहन होत नव्हतं. त्यांना हे माहीत होतं. त्याही याच मातीतल्या, आग्रह करकरूनच त्यांच्या आईनं त्यांना वाढवलं असणार. पण म्हाताऱ्यांना सांभाळायचं शास्त्र शिकताना बाईनं घरचं वळण कुठंतरी काढून ठेवलं होतं.

माझा आवाज चढला तशी आत्यांनी मला पाहिलं. वाटलं, आता रडतील. कसलं काय! माझ्यावरच खेकसल्या, "गप बस. लोकाच्या घरी यिऊन भांडती व्हय?"

मी कार्यकर्तीच्या हातातलं ताट घेतलं आणि आत्यांच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसले.

"आत्या, जेवा."

"नको. भरलंय पोट."

"दोन घास घ्या. गरम आहे."

"नको गं माय. लोकाचं कशाला?"

"तुम्ही नाय जेवल्या तर मी बी नाय जेवणार. सकाळपासून उपाशी हाय मी."

त्यांनी एकदा ताटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर मांडी घातली. "आण इकडं. तू बी घे." आणि जेवल्या. वरणात पोळी कुस्करून, मान वर न करता जेवल्या. त्यांच्या घशाची हालचाल बघून मला संताप अनावर झाला. फ्रीजवरची दुरडी आणि पदरातली ती फुटाण्याची टरफलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर मांडीत फुटाण्याची पुडी घेऊन एक खाला बसल्या होत्या, शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातल्या. त्या म्हणाल्या, "हमकू बी पूछो ना बेटी. एकीच बार पूछते और चले जाते ये लोगां."

कार्यकर्तीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोरगी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला तिची दया आली नाही. त्या दिवशी माझ्याकडं दया शिल्लक नव्हती.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "पटतंय मला. पण प्रत्येकाला तीनतीनदा विचारायला माणसं कुठून आणू?"

"माणसं तुमच्या खुर्च्यांवर बसलीत की. त्यांना एकमेकांना वाढू द्या."

त्या "आठवडाभर बघू" म्हणाल्या. मी म्हटलं, बघा. तोवर माझ्या सासूची जागा हलवायची नाही. फार उपकार केल्यासारखं त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशीपासून खुर्च्या भिंतीला गेल्या, सतरंजी आली. आत्या आणि खाला वाढायला लागल्या. आत्या म्हणायच्या, "घे गं, माझी आण हाय तुला," आणि खाला म्हणायच्या, "तुम खाए बगैर मै नै उठती." खूप गोंगाट होतो, म्हणून मॅडमची तक्रार होतीच. ते केंद्र काही एका दिवसात सुधारलं नाही, मोरात निळा रंग भरणं चालूच राहिलं. पण संध्याकाळी घरात शिरताना आत्यांचं भाकर मागणं बंद झालं.

मात्र मला सांगायचंय ते त्या भांडणाच्या दिवशीचंच. संध्याकाळी नवरा पाळीवरून आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं उठून फ्रीजवरची दुरडी खाली आणली, आईपुढं ठेवली आणि बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिला. चेहरा काळवंडला होता. त्याला वाईट वाटलं, हे खरं आहे.

जेवणं झाली. बादलीतलं पाणी जपून वापरत मी भांडी घासायला घेतली. तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "मी घासू का?"

"नको," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि जाऊन टीव्हीसमोर बसला.

दुपारचंच ते "बरं". माझ्या हातातली तारेची घासणी तशीच थांबली. या माणसाच्या घरी पाहुण्याला तीनदा विचारल्याशिवाय ताट उचलत नव्हते. दिरानं मला एकदा विचारलं होतं, नणंदेनं एकदा, शेजाऱ्यांनी एकेकदा, साहेबांनी तर तेही नाही. सगळ्यांना मी नको म्हटलं होतं, कारण मलाही त्याच रीतीत वाढवलं होतं. आणि सगळ्यांनी माझ्या इच्छेचा आदर केला होता. मला हातातलं पातेलं भिंतीवर फेकावंसं वाटलं.

तेवढ्यात आत्या भिंतीला धरून आत आल्या. पाटावर बसल्या. माझ्याकडं निरखून पाहत राहिल्या. मी कोण, हे त्यांना त्या क्षणी आठवत होतं की नाही, देव जाणे.

"दमलीस का गं?"

"नाय."

"दमलीस का?"

"नाय हो आत्या. होतंय."

त्यांनी माझा साबणानं भरलेला ओला हात ओढून आपल्या हातात घेतला. "पोरी, दमलीस का?"

"व्हय," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडलेच, पार बाहेर ऐकू जाईल इतकं. "लई दमले. लई राग आलाय मला सगळ्यांचा."

आत्यांनी मान हलवली. मग दाराकडं वळून, वावरातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "ऊठ रे! एकदाच इचारून बसलास व्हय?"